पिशवी फुकट, लोह ज्याचे त्याचे

रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. शरीरातून दिवसाकाठी बाहेर पडते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि जास्तीचे लोह काढून टाकायची कोणतीही सोय निसर्गाने माणसाला दिलेली नाही. घामाने ते जात नाही, लघवीने जात नाही, पथ्याने तर नाहीच नाही. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. अशा वीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्तावाटे रोज सरासरी सहा ते तेरा मिलिग्रॅम लोह शिरते. वर्षाचा हिशोब केला तर सव्वादोन ते पावणेपाच ग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून तीन-चार ग्रॅमच लोह असते.

हे लोह यकृतात साठते, स्वादुपिंडात साठते, उंची वाढणे आणि वयात येणे ज्यांच्या हाती आहे त्या ग्रंथींत साठते, आणि कालांतराने हृदयात. लोह काढणारी औषधे येण्याआधी ही मुले नियमित रक्त मिळूनही विशीच्या आसपास जात, आणि जात ती बहुधा हृदय निकामी होऊन. म्हणजे रक्त चढवणे हा अर्धाच उपचार झाला. उरलेला अर्धा म्हणजे त्या रक्तासोबत आलेले लोह रोज, न चुकता, आयुष्यभर बाहेर काढणे. पहिल्या अर्ध्यासाठी आपल्याकडे शिबिरे होतात, फलक लागतात, वाढदिवस साजरे होतात. दुसऱ्या अर्ध्यासाठी कोणी मंडप घालत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न दोन वाटांनी येतो. २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात साडेअठरा टक्के आदिवासी आहेत: गोंड, कोलाम, परधान, आंध. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल फार जुना आहे, आणि तो आदिवासींपुरता नाही. बौद्ध समाजात आणि इतरही अनेक जातींत त्याचे वाहक आहेत. थॅलेसेमियाची मुले त्या मानाने थोडी, पण त्यांचे रक्तावाचून चालतच नाही. शिवाय एका पालकाकडून सिकलचे आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे जनुक आलेली मुले असतात. त्यांची गणना बऱ्याचदा कुठल्याच रांगेत धड होत नाही. या सगळ्यांचे लोह मोजायचे आणि काढायचे म्हटले की यवतमाळचे मेडिकल, म्हणजे १९८९ साली सुरू झालेले वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर सेवाग्राम, सावंगी किंवा थेट नागपूर.

पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘लोह काढायची कोणती गोळी चांगली?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर औषधाच्या नावात शोधले की फसगत होते. माझे म्हणणे एवढेच की यवतमाळसारख्या जिल्ह्यात औषध निवडताना रेणूच्या ताकदीआधी तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत: ते घरात रोज दिले जाईल का, त्याच्यासाठी लागणाऱ्या तपासण्या किती अंतरावर होतात, आणि ताप-जुलाब झाले की ते थांबवायला कोणी सांगितले आहे का. हे तीन प्रश्न ज्या चिठ्ठीत नाहीत ती चिठ्ठी अपुरी समजावी, मग लिहिणारा कितीही मोठा असो.

औषधे मुळात तीनच. सर्वात जुने डेफेरॉक्सामिन, लोकांच्या तोंडी डेस्फेराल. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेले हे औषध १९६० च्या दशकात वापरात आले. ते पोटातून शोषले जात नाही, म्हणून कातडीखाली सुई खुपसून छोट्या पंपाने आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागते. काम चोख करते. त्याचा पन्नासहून अधिक वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. पण ते चोख काम कोणाच्या घरात? इटलीत तुरीन येथील गाबुत्ती आणि पिगा यांनी १९९६ साली जो हिशोब मांडला तो या बाबतीत डोळे उघडणारा आहे. वर्षाला २२५ पेक्षा जास्त रात्री सुई लावणारे रुग्ण बहुतेक सगळे तिशी पार करून गेले. त्याहून कमी रात्री लावणाऱ्यांत तिशी पाहणारे अगदी थोडे निघाले. औषध तेच, डॉक्टर तेच. फरक पडला तो सुई लावलेल्या रात्रींनी.

आता ही रात्र झरी-जामणीतल्या एखाद्या कोलाम वस्तीवर, पोडावर आणून पाहा. पंप हवा, त्याची बॅटरी हवी, पावडर विरघळवायला निर्जंतुक पाणी हवे, रोज नवी सुई हवी. मूल झोपेत कूस बदलते आणि सुई निघते. पोटावर, मांडीवर गाठी येतात. दिवसभर कापूस वेचून आलेल्या आईने रात्री दहा वाजता हे सगळे मांडायचे, तेही आठवड्यातून सहा दिवस. ज्या घरांनी हे वर्षानुवर्षे केले त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण एखादे कुटुंब हे करू शकले म्हणून सगळ्यांनी करावे, असा उपदेश करणे सोपे असते. पहिले औषध म्हणून डेस्फेराल आज इथे सुचवू नये, असे मला वाटते. ते राखून ठेवावे हृदयात लोह पोचलेल्यांसाठी, आणि इतर दोन औषधे ज्यांना सोसत नाहीत त्यांच्यासाठी.

दुसरे औषध डेफेरिप्रोन. केल्फर या नावाने ते आपल्याकडे ओळखले जाते. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात तयार झालेल्या या गोळीला भारताचा इतिहास आहे. पाश्चात्त्य देशांत तिच्यावर वाद चालू असताना, टोरांटोत डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी आणि औषध कंपनी अपोटेक्स यांचे भांडण पेटण्याच्या सुमारास, ती इथे सिप्लाने बाजारात आणली होती. अमेरिकेत तिला परवानगी मिळाली ती २०११ साली. मुंबईत डॉ. एम. बी. अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी १९९२ मध्येच ब्रिटिश जर्नल ऑफ हिमॅटॉलॉजीत छापून आली आणि त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: भारतीय रुग्णांत सांधे, विशेषतः गुडघे, दुखायचे प्रमाण मोठे. आजही ही गोळी घेणारे मूल जिना चढायला कुरकुरू लागले तर त्याला आळशी म्हणण्याआधी गोळी आठवावी.

या गोळीचे मोठेपण हृदयात आहे. रेणू लहान, पेशीत सहज शिरतो, आणि हृदयाच्या स्नायूतले लोह काढण्यात तो तरबेज. इटलीतल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराने एकही मृत्यू आढळला नव्हता. सार्डिनियातल्या चाचणीत डेस्फेराल आणि ही गोळी एकत्र दिल्यावर हृदयातले लोह एकट्या डेस्फेरालपेक्षा जास्त उतरले. मग हीच पहिली का नको?

दोन कारणांनी. एक साधे: दिवसातून तीनदा घ्यावी लागते. सकाळची आई देते, रात्रीची आई देते, दुपारची शाळेत राहते. तीनातली एक रोज चुकली तर वर्षभरात तिसरा हिस्सा औषध पोटात गेलेच नाही, आणि वर्षाअखेरी ठपका गोळीवर येतो. दुसरे कारण गंभीर आहे. शंभरातल्या एक-दोन रुग्णांत ही गोळी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एक फळीच आडवी करते. अशा वेळी साधा घसा दुखण्याचा आजार दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. म्हणून सुरुवातीचे सहा महिने दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची, पुढे अंतर वाढवायचे, आणि ताप आला की गोळी तिथेच बंद करून त्याच दिवशी रक्त तपासायचे, असा नियम आहे. ‘त्याच दिवशी’ हे शब्द यवतमाळ शहरात राहणाऱ्याला किरकोळ वाटतील. घाटंजी किंवा मारेगावच्या आडगावात, पावसाळ्यात, शेवटची एसटी गेल्यावर, त्याच शब्दांत जीव अडकलेला असतो. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाच्या मुलाला पॅरासिटामॉल मिळेल, पण ते मूल केल्फरवर आहे हे तिथे ठाऊक असेल का? आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगून ठेवत नाही. या गोळीने लघवी लालसर होते. ते रक्त नसते. लोह घेऊन बाहेर पडणाऱ्या औषधाचा रंग असतो, म्हणजे गोळी काम करते आहे याची खूणच. न सांगितल्यामुळे घाबरून गोळ्या बंद केल्या तर त्यात आईचा काय दोष?

तिसरे डेफेरासिरॉक्स. अमेरिकेत २००५ च्या नोव्हेंबरात मान्यता, मग आपल्याकडे असुन्रा, आणि पुढे डेसिरॉक्स, डेफ्रिजेटसारखी भारतीय कंपन्यांची नावे आली तशी किंमतही उतरली. दिवसातून एकदाच घ्यायची. रक्तात ती इतका वेळ टिकते की चोवीस तास थोडेफार काम चालू राहते. जुन्या धर्तीची गोळी पाण्यात विरघळवून, सकाळी काही खाण्याआधी अर्धा तास प्यायची असते. ती साखरेसारखी विरघळत नाही. खडूच्या पाण्यासारखे पांढरे, गढूळ होते आणि पेल्याच्या तळाशी थर राहतो. त्या थरात औषधच असते. पुन्हा थोडे पाणी घालून, ढवळून तेही पाजायला हवे. दुधात किंवा सोड्यात विरघळवायची नाही. नव्या लेपित गोळ्या गिळता येतात आणि पोटाला जरा सोसतात, पण त्यांचा डोस वेगळा असतो. जुन्या गोळीचे मिलिग्रॅम नव्या गोळीला लावले तर जवळजवळ दीडपट औषध पोटात जाते. मेडिकलच्या दुकानदाराने ‘हेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून पाकीट बदलून दिले तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

या औषधाचे लोढणे मूत्रपिंडाला. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वाढू शकते, यकृत बिघडू शकते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली या तिन्ही धोक्यांची ठळक चौकट त्यावर छापायला लावली. म्हणून पहिला महिना दर आठवड्याला आणि पुढे दर महिन्याला क्रिएटिनिन पाहायचे. यात यवतमाळची खास अडचण अशी की इथला मे महिना ४४-४५ अंशांचा. उन्हाने अंगातले पाणी आटलेले, त्यात उलट्या-जुलाब लागलेले मूल आणि वर डेफेरासिरॉक्स, हा मूत्रपिंडाला मारक संयोग आहे. जुलाब, उलट्या, खूप ताप असेल तर गोळी थांबवा, पाणी पाजा, डॉक्टरला विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका, ही सूचना युरोपात छापलेल्या पत्रकात एका ओळीत येते. आपल्याकडे ती पाकिटावर मराठीत, मोठ्या अक्षरांत असायला हवी. सिकलसेलच्या रुग्णांत तर मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेली असतात. त्यांच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट.

असे असूनही, दोन वर्षांपुढचे मूल, मूत्रपिंडे ठीक आणि घर खेड्यात असेल तर सुरुवात डेफेरासिरॉक्सने करावी, असा माझा कौल आहे. ते सर्वात ताकदवान आहे म्हणून मुळीच नव्हे. डीप-२ नावाची मोठी चाचणी २०२० साली लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत आली. इटली, इजिप्त, ग्रीस, ट्युनिशिया अशा देशांतल्या मुलांत डेफेरिप्रोन आणि डेफेरासिरॉक्स समोरासमोर ठेवून पाहिले, आणि डेफेरिप्रोन कमी पडत नाही असाच निष्कर्ष निघाला. ताकदीच्या जोरावर निकाल लागत नसेल तर तो दुसऱ्या तराजूवर लावावा लागतो. महिन्यातून एकदा मूल रक्त चढवायला रुग्णालयात जातेच. पहिला महिना सोडला तर क्रिएटिनिनची तपासणी त्याच सुईतून, त्याच फेरीत होते. आठवड्याच्या सीबीसीसाठी मात्र वेगळी फेरी, वेगळी मजुरी बुडवणे. ज्या औषधाची तपासणी रक्ताच्या फेरीत बसते ते औषध खेड्यात टिकते. पुसद किंवा वणी शहरात राहणाऱ्या, घराजवळ लॅब असलेल्या कुटुंबासाठी हाच कौल उलटा फिरू शकतो, आणि फिरवावाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जिथे देखरेख नाही तिथे ही जहाल औषधे द्यावीत कशाला? न देणे सुरक्षित नाही का? मला हा युक्तिवाद नेहमी अर्धवट वाटत आला. देखरेख नसताना रक्त तर आपण देतोच. रक्त देताना त्यातले लोह नाकारायची मुभा मुलाला नसते. लोह घालायला आपण तयार, पण काढायची वेळ आली की सुरक्षेची आठवण होते. डेफेरासिरॉक्सने काहींची मूत्रपिंडे दुखावतील. औषध न घेता रक्त घेणाऱ्या सगळ्यांचेच यकृत आणि हृदय दुखावेल. देखरेख नसेल तर देखरेख आणावी, एवढेच यातून निघते.

उशीर का होतो, त्याचे कारणही समजून घ्यायला हवे. दहा ते वीस पिशव्या झाल्या किंवा रक्तातले फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारे प्रथिन) १००० च्या वर गेले की लोह काढायला सुरुवात करावी, असा सर्वमान्य दंडक आहे. दर महिन्याला रक्त लागणारे मूल वर्ष-दीड वर्षात तिथे पोचते. त्या वयात ते खेळते, हसते, कुठेच आजारी दिसत नाही. आईची तक्रार वऱ्हाडीत एका दमात येते: रगत देल्लं का पोरगं खेयते, गोयी देल्ली का वकते. तिच्या डोळ्यांसमोर जे घडते त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा कसा म्हणावा? रक्ताचा गुण संध्याकाळी दिसतो. गोळीचा गुण पंधरा वर्षांनी दिसतो, तोही न झालेल्या मधुमेहाच्या आणि न थांबलेल्या हृदयाच्या रूपाने. म्हणून ‘पेशंट गोळ्या घेत नाही’ असा शेरा मारून मोकळे होणाऱ्यांनी आधी सांगावे की पंधरा वर्षांनंतरची गोष्ट त्या आईला बसून कोणी, किती वेळ समजावली होती.

फेरिटिनच्या आकड्याचीही थोडी झडती घ्यायला हवी. स्वस्त आहे, सगळीकडे होते, म्हणून सगळे त्याच्यावरच चालते. पण साधा ताप, जंतुसंसर्ग, सिकलच्या वेदनांचा झटका, कशानेही ते उसळते. एका चाचणीवरून डोस वाढवणे-घटवणे चुकीचे. चार-सहा महिन्यांचा कल पाहावा लागतो. हृदयातले लोह तर फेरिटिनमध्ये दिसतच नाही. त्यासाठी एमआरआयची टी-टू-स्टार नावाची मोजणी लागते: वीस मिलिसेकंदांच्या वर असेल तर ठीक, दहाच्या खाली उतरली तर धोका दारात. ही मोजणी लंडनमध्ये विकसित झाली आणि २००० नंतर ब्रिटनमध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांचे हृदयाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. आठ-दहा वर्षांचे झाल्यावर मुलाची ही तपासणी व्हायला हवी. यवतमाळच्या कुटुंबाला त्यासाठी निदान नागपूर गाठावे लागते, आणि तिथेही यंत्र असणे आणि ही मोजणी होणे या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

याउलट ज्या लोहाची घरोघरी चर्चा होते ते बहुतेक वेळा नगण्य असते. गूळ खाऊ देऊ नका, लोखंडी कढई वापरू नका, पालक नको, आणि आता रेशनचा पोषणयुक्त तांदूळ. २०१८ च्या नियमांनी त्या तांदळाच्या पिशवीवर थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी सूचना छापणे बंधनकारक केले, २०२४ मध्ये ती काढली, त्यावरून न्यायालयापर्यंत वाद गेला. पण आकडे मांडून पाहावेत. त्या तांदळात किलोमागे २८ ते साडेबेचाळीस मिलिग्रॅम लोह. पाव किलो भात खाणाऱ्याच्या पोटात सात ते दहा मिलिग्रॅम जाणार, आणि अंगी लागणार त्यातला लहानसा अंश. समोर पिशवीतले २०० मिलिग्रॅम, सगळेच्या सगळे अंगात. नियमित रक्त घेणाऱ्या मुलाने जेवताना घाबरू नये. फार तर जेवणासोबत चहा घ्यावा, त्याने शोषण कमी होते. (क्वचित रक्त लागणाऱ्या सौम्य थॅलेसेमियात आतडी जास्त लोह ओढतात, त्यांचा हिशोब वेगळा.) खरी काळजी करावी ती शाळेत वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीची. किशोरवयीन मुलांच्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ॲनिमियामुक्तीच्या मोहिमेत शिक्षक रांगेने गोळ्या देतात, आणि फिकट दिसणाऱ्या मुलाला तर आग्रहाने. या मुलाला ती देऊ नये, हे शाळेला लेखी कळवले पाहिजे.

आणि सिकलसेल. या जिल्ह्यात रुग्णसंख्येने मोठा प्रश्न हाच आहे, आणि इथे लोह काढणाऱ्या औषधाची निवड करण्याआधी एक पायरी आहे जी सर्रास गाळली जाते: ही पिशवी लागत होती का? सिकलसेलच्या अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन सात-आठवर स्थिर असते आणि ते त्यावर ठीकठाक जगतात. आकडा सात दिसला, डोळे फिकट दिसले, रक्त चढवले, असे खेड्यापाड्यात वारंवार होते. यातली कित्येक रक्ते अनावश्यक असतात. पक्षाघात टाळण्यासाठी, छातीच्या गंभीर आजारात, अचानक हिमोग्लोबिन कोसळल्यावर रक्त लागतेच. तिथे हात आखडता घेऊ नये, आणि शक्य तिथे जुने रक्त काढून नवे देण्याची पद्धत वापरावी, म्हणजे लोह फारसे साचत नाही. बाकीच्यांसाठी हायड्रॉक्सियुरिया आहे. स्वस्त आहे, वेदनांचे झटके कमी करते, रक्ताची गरज कमी करते. सिकलसेलच्या रुग्णासाठी लोह काढणारे सर्वात चांगले औषध म्हणजे न चढवलेली पिशवी. ज्यांना वीस-पंचवीस पिशव्या आधीच चढल्या आहेत त्यांची मात्र मोजदाद व्हायला हवी, आणि नेमकी तीच कोणाकडे नसते. एक पिशवी यवतमाळला, दोन सेवाग्रामला, तीन खासगीत. डेफेरिप्रोनला सिकलसेलसाठी अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली आहे, पण किती लोह आहे हे ठाऊक नसताना कोणते औषध कोणाला द्यायचे?

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. उद्दिष्ट मोठे आहे आणि वाहक शोधणे गरजेचेच आहे. पण आज जो मुलगा बारा वर्षांचा आहे त्याला २०४७ बघायचे असेल तर त्याचे मूत्रपिंड, यकृत आणि फेरिटिन आजच कोणीतरी पाहायला हवे. तपासणीचे आकडे रोज वर जातात. फेरिटिन किती जणांचे पाहिले, हा रकाना मात्र बैठकांत क्वचितच विचारला जातो.

पैशाची बाजू अशी की थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांना रक्त मोफत द्यावे, हे धोरण आहे आणि बऱ्याच अंशी पाळलेही जाते. लोह काढणाऱ्या गोळ्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात, पण साठा असेल तेव्हा. नसेल तेव्हा दोन महिने बाहेरून आणा. महात्मा फुले योजना असो की आयुष्मान, दोन्हींची रचना दाखल होणाऱ्या रुग्णासाठी. हृदय निकामी होऊन अतिदक्षता विभागात आला तर योजना धावून येते. ते होऊ नये म्हणून घरी रोज गोळी घेणारा खिशातून भरतो. आणि साठा तुटला की डॉक्टर आहे ते औषध लिहितात, मग महिन्याला औषध बदलते. त्याला निवड म्हणत नाहीत.

यात आणखी एक दार आहे, जे फार थोड्या पालकांना दिसते. थॅलेसेमियातून कायमचे बरे व्हायचा रुळलेला मार्ग म्हणजे सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा जुळून होणारे प्रत्यारोपण. इटलीतल्या पेसारो इथे लुकारेल्ली यांनी १९९० साली जी वर्गवारी बसवली त्यात प्रत्यारोपण यशस्वी होईल की नाही हे तीन गोष्टींवर तोलले: यकृत किती वाढले, त्यात तंतू झाले का, आणि लोह काढणे नियमित होते की नाही. म्हणजे सहाव्या वर्षी पाजलेला पांढऱ्या पाण्याचा पेला दहाव्या वर्षीच्या प्रत्यारोपणाचा निकाल ठरवतो. २०१७ पासून कोल इंडिया थॅलेसेमिया बालसेवा योजनेतून अशा प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत देते. त्याच कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी वणीच्या आसपास आहेत. वणीच्या कोळशाच्या नफ्यातून दिल्ली-वेल्लोरला प्रत्यारोपणे होतात हे चांगलेच. पण वणीच्याच मुलाचे यकृत तोवर लोहाने कडक झाले असेल तर तो पैसा त्याच्या उपयोगाचा नाही.

मला जे हवे आहे ते फार खर्चाचे नाही. पुसद, पांढरकवडा, वणी इथल्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक ठरलेला दिवस, ज्या दिवशी या रुग्णांची सीबीसी आणि क्रिएटिनिन रांगेशिवाय होईल आणि निकाल त्याच दुपारी मिळेल. डेफेरासिरॉक्सचा सहा महिन्यांचा साठा, हायड्रॉक्सियुरियासोबत, त्याच खिडकीवर. प्रत्येक रुग्णाकडे एक वही, जिच्यात प्रत्येक पिशवी, मग ती कुठल्याही रक्तपेढीची असो, तारखेसह लिहिली जाईल, आणि पहिल्या पानावर लाल शाईत त्याच्या औषधाचे नाव आणि ते कधी थांबवायचे ते मराठीत. आशाताईंना ही वही वाचता आली की अर्धे काम झाले.

आणि रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना, पतसंस्थांना, पक्षांना एक विनंती. पुढच्या शिबिरात जेवढ्या पिशव्या गोळा कराल त्यांच्यासोबत दोन थॅलेसेमियाग्रस्त मुलांच्या वर्षभराच्या गोळ्यांचा आणि दरमहाच्या क्रिएटिनिनचा खर्च उचला. रक्त देणाऱ्याचा फोटो जरूर छापा; गोळ्यांची पावती त्या मुलाच्या वहीत चिकटवा.